भिंतीला लाकडी फळ्या लावल्या तेव्हा

आमच्या घराचे दोन भाग आहेत. एका भागात आम्ही, दुसऱ्यात माझे मोठे दीर आणि वहिनी. मधली भिंत विटांची नाही. लाकडाचे उभे दांडे, दोन्ही अंगांनी ठोकलेले पातळ बोर्ड आणि आत पोकळी. तीस वर्षांपूर्वी दादांनीच ती उभी केली. दादा म्हणजे माझे दीर, पेशाने सुतार. त्यांनी केलेला ड्रॉवर एका बोटाने ढकलला तरी आवाज न करता आत जातो. माझे यजमान मात्र छापखान्यात प्रुफं तपासायचे. ओळ केसभर वाकडी असली तरी ह्यांना लांबून दिसते. सरळ करायची म्हटली की हात ऐकत नाहीत.

दोघा भावांचा सात वर्षं अबोला होता. कारण सांगायला गेलं तर हसू येईल. आमच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा ह्यांनी तिला कपाट दिलं, ते दुकानातून आणून. टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा दादा पायरीवर बसले होते. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि आत निघून गेले. "घरात सुतार असताना," एवढंच ते वहिनींना म्हणाले. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की एक जण रस्त्याकडे बघायचा आणि दुसरा चपला शोधायचा. आम्ही जावा मागच्या दारात कपडे वाळत घालताना सगळं बोलून घ्यायचो, पण ह्या विषयात दोघीही मूग गिळून गप्प.

त्यात मला भिंतीचं वेड लागलं. मुलीने तिच्या बैठकीत एका भिंतीला आडव्या फळ्या लावून घेतल्या होत्या. प्रत्येक फळीच्या वरच्या-खालच्या कडेला अर्ध्या जाडीची खाच असते. एकीची खाच दुसरीवर बसली की मध्ये फक्त एक बारीक, सरळ रेघ उरते. खोली एकदम नीटनेटकी वाटायला लागते. आमच्या मधल्या भिंतीचा रंग ठिकठिकाणी पोपडे धरून बसला होता. मी म्हटलं, आपणही लावू.

"लावणार कोण?" हे म्हणाले. "परका सुतार आणला तर दादा ह्या जन्मी बोलायचा नाही. दादाला सांगावं, तर कुठल्या तोंडाने?"

शेवटी हे स्वतःच करायचं ठरलं. घरात मलमपट्टीचं सामान आहे ना, तेवढं मी बघून ठेवलं.

फळ्या आल्या त्याच दुपारी ह्यांनी काम सुरू केलं. पहिली फळी फरशीला टेकवून धरली आणि खिळा मारला. खिळा भसकन आत गेला, लोण्यात गेल्यासारखा. दुसराही तसाच. फळी हाताने ओढली तर दोन्ही खिळे घेऊन बाहेर आली. हे नुसतं बघत राहिले. आत पोकळी आहे आणि खिळा दांड्यातच बसायला हवा, हे त्यांना कळत होतं. दांडे कुठे आहेत ते कळत नव्हतं. त्यांनी आणखी चार ठिकाणी खिळे मारून पाहिले. चारही पोकळीत.

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून आवाज आला. ठक. ठक.

हे थांबले. मी हातातलं मासिक खाली ठेवलं. पुन्हा आवाज आला, ह्यांच्या खिळ्यापासून वीतभर डावीकडे. ठक.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांनी तिथे पेन्सिलीने खूण केली, खिळा ठेवला आणि हातोडा मारला. ह्या वेळी आवाज भरीव आला. खिळा दांड्यात गच्च बसला.

मग दोन वितींवर पुन्हा ठक. खूण, खिळा, हातोडा. पुन्हा दोन वितींवर ठक. खिडकीजवळचा शेवटचा दांडा मात्र हे ठरलेलं अंतर मोडून मध्येच घुसवलेला होता. तिथे पलीकडून दोनदा वाजलं, चुकू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत तीन फळ्या लागल्या. जेवताना भाजीला मीठ जास्त झालंय हे ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौथी फळी लावायला घेतली तर पलीकडून ठकठक थांबेचना. एका जागी नाही, सगळ्या भिंतीभर. ह्यांना काही बोध होईना. थोड्या वेळाने मागच्या दाराने वहिनी आल्या, ओले हात पदराला पुसत.

"ह्यांनी विचारलंय, फळी फरशीपासून सुरू केलीत का?"

"हो. मग कुठून करायची?" हे म्हणाले.

"ते म्हणतात, फरशी खिडकीकडे उतरते. सकाळपासून भिंतीवर हात ठेवून बसलेत. खिळे खाली खाली चाललेत म्हणे. पाणसळ लावा म्हणाले."

हे लांब जाऊन उभे राहिले. डोळे बारीक केले. फरशीशी फळ्या अगदी जुळल्या होत्या, आणि छताशी बघितलं तर बोटभर तिरक्या. एवढी मोठी चूक आपल्या नजरेतून सुटली ह्याचंच त्यांना वाईट वाटलं असावं.

"सांगा त्याला," हे म्हणाले, "एवढं कळतंय तर येऊन बघायला काय पाय दुखतात?"

"दुखतात की," वहिनी म्हणाल्या. "एक गुडघा बदलला, आता दुसरा कुरकुरतोय."

त्या गेल्या. दहा मिनिटांनी पुढच्या दारात दादा उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाणसळ. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. भिंतीपाशी गेले, फळीवर पाणसळ ठेवली आणि बुडबुड्याकडे बघत म्हणाले, "बारक्या, काढ सगळं."

त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. ह्यांनी निमूटपणे तिन्ही फळ्या काढल्या.

"केव्हा आल्या?" दादांनी विचारलं.

"काल."

"आणि कालच लावायला घेतल्यास? अरे, लाकडाला घराची सवय होऊ दे. आठ दिवस ह्याच खोलीत आडव्या ठेव. फुगायचं, आकसायचं ते करून घेतील. नाहीतर महिन्यात फटी पडतील."

मग आठ दिवस फळ्या बैठकीत आडव्या पडून राहिल्या. खोलीत फिरायला जागा नाही. दादा रोज चार वाजता फळ्या बघायला यायचे. फळ्यांत बघण्यासारखं काय असतं, मला माहीत नाही. एखादी उलटी करायची, हात फिरवायचा, आणि मग खुर्चीत बसून चहा. पहिले दोन दिवस लाकडाविषयीच बोलणं झालं. पाचव्या दिवशी दादांनी विचारलं,

"ते कपाट कसंय?"

हे कपातच बघत राहिले. "दार लागत नाही. दोरी बांधून ठेवलंय."

दादांनी मान हलवली. आनंद झाला असणार, पण चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

"त्या महिन्यात तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं," हे म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर काठी टेकत रंधा मारत बसला असतास. म्हणून नाही सांगितलं."

"मला कळत नव्हतं का ते? मी नाहीच म्हणणार होतो. माझ्याच्याने उभं राहवत नव्हतं. पण तू विचारायला हवं होतंस. नाही म्हणायचं काम तरी माझ्याकडे ठेवायचंस."

ह्यांनी कप खाली ठेवला. "चुकलंच माझं."

"आणि तूही तेव्हाच तोंड उघडलं असतंस तर बिघडलं नसतं. बरं, मीही नाही उघडलं," दादा म्हणाले, आणि कप पुढे केला. मी त्यात अर्धा कप चहा ओतला. तो त्यांना नको होता, तरी प्यायले.

नवव्या दिवशी काम सुरू झालं. दादांनी खुर्चीत बसून सांगायचं आणि ह्यांनी करायचं. भिंतीवर पाणसळीने रेघ मारली, पहिली फळी त्या रेघेवर बसवली, खाली उतरत्या फरशीची फट झाकायला पट्टी लावायचं ठरलं. दोन फळ्यांत अंतर सारखं राहावं म्हणून मध्ये पातळ पत्र्याचा तुकडा ठेवून बघायचं. "घट्ट ठोकू नकोस, तिलाही हलायला जागा लागते," दादा सांगत होते. अधूनमधून दोघांची तोंडातोंडी व्हायची. ह्यांना फट केसभर जास्त दिसायची, दादांना दिसायची नाही. मोजलं की ह्यांचंच खरं निघायचं. तेव्हा दादा चष्मा पुसायचे.

सगळ्यात वरची फळी उभी चिरून कमी करावी लागली. ते काम दादांनी उठून स्वतः केलं, फळी बाकावर ठेवून, तिच्यावर गुडघा न टेकता, सावकाश. फळी जागेवर सरकली आणि दोघं मागे होऊन बघत राहिले.

"रंग कुठला द्यायचा?" ह्यांनी विचारलं.

"रंग कशाला? तेल लाव नुसतं. लाकूड दिसू दे."

"पांढरा दिला तर खोली मोठी वाटेल."

"चांगलं लाकूड रंगाखाली घालणार तू?"

दोघं वाद घालत बसले. मी आणि वहिनींनी एकमेकींकडे पाहिलं. मग वहिनी पिशवी घेऊन निघाल्या, मीही चपला घातल्या आणि आम्ही रंगाच्या दुकानात जाऊन फिकट राखाडीचा डबा घेऊन आलो.