नलिनीताईंची छपाईची चौकट

मी एक जुनी सागवानी चौकट आहे, मित्रांनो. माझ्यावर बारीक जाळीचे कापड ताणलेले आहे. त्यावर शाई ओतून रबरी पट्टी ओढली की जाळीच्या उघड्या छिद्रांतून खाली चित्र उमटते.

माझा जन्म गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे मी बिस्किटांच्या खोक्यांवर लाल-पिवळी अक्षरे छापत असे. पुढे मोठी यंत्रे आली आणि मी भंगारात गेले. तिथून मला नलिनीताईंनी उचलून आणले.

नलिनीताई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. टी. टी. नगरातल्या एका दत्तमठात त्या सेवेकरी म्हणून राहत. भगवी साडी, आणि तिच्यावर कायम शाईचे डाग! देवाची चित्रे त्या बिस्किटाच्या पुड्यासारख्या भडक रंगांत छापत. त्यांची अन्नपूर्णा प्रेशर कुकरसमोर बसलेली असे. लोक थांबून बघत, हसत आणि नकळत हात जोडत.

साकेत नगरच्या मोठ्या दवाखान्याबाहेर गावोगावच्या रुग्णांचे नातेवाईक फुटपाथवर झोपतात. एका हिवाळ्यात ताईंनी ते पाहिले आणि नवे चित्र काढले. दत्तगुरू फुटपाथवर निजले आहेत, शेजारी चारही कुत्री अंग चोरून झोपली आहेत. ते चित्र त्यांनी मठाच्या दारावर लावले.

मठाचे अध्यक्ष विश्वासराव संतापले.

"ताई, देवाला रस्त्यावर झोपवलंत?"

"तिथं इतकी माणसं झोपतात, विश्वासराव. आपला हॉल रात्रभर रिकामा असतो. उघडू या ना."

"ही धर्मशाळा नाही. चित्र दारावरून उतरवा, नाहीतर खोली सोडा."

ताईंनी खोली सोडली. मला रिक्षात घालून त्या साकेत नगरला कल्पनाकडे आल्या. कल्पना त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता नर्स होती. "मॅडम, माझा पूरा व्हरांडा तुमचा," ती म्हणाली.

त्या व्हरांड्यात आम्ही कागद सोडून चादरी छापू लागलो. प्रत्येक चादरीवर तोच निजलेला दत्त. ताई त्या स्वतः फुटपाथवर वाटून येत. माझे लाकूड अभिमानाने फुगले होते.

ही बातमी मठात पोहोचली. देव पायाखाली घातला, असे कुणीतरी सांगितले. विश्वासराव तरातरा आले आणि ताईंना घेऊन थेट फुटपाथवर गेले. पुढचे मी ताई कल्पनाला सांगत असताना ऐकले.

तिथे एक म्हातारी थंड फरशीवर तशीच पडली होती. चादर घडी करून तिने छातीशी धरली होती.

"अम्मा, चादर बिछाई क्यों नहीं?" विश्वासरावांनी विचारले.

"इसमें भगवान हैं, बाबूजी. पैर लग जाएगा."

ताई खाली बसल्या आणि आपली शाल त्यांनी म्हातारीच्या अंगावर घातली.

घरी येऊन त्यांनी माझ्या जाळीवरचे चित्र पुसून टाकले. पुसताना त्या रडत होत्या. "देव छापला आणि माणूस गारठवला, कल्पना," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्यावर मोठमोठी झेंडूची फुले काढली. त्या नव्या चादरी मात्र लोकांनी लगेच अंथरल्या, पांघरल्या.

काही दिवसांनी विश्वासराव पुन्हा आले. चपला काढून व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"हॉल उघडलाय, ताई. काल बरीच माणसं झोपली. फरशी फार गार आहे हो. चादरी मिळतील?"

"मिळतील की. पण पट्टी ओढायला माणूस हवा. माझा खांदा दुखतो."

विश्वासरावांनी बाह्या सरसावल्या. पहिली फुले चांगलीच वाकडी आली. ताई खूप दिवसांनी पोटभर हसल्या.

आता ताईंचे हात थरथरतात. कल्पनाची मुलगी रसिका माझ्यावर काम करते. कधी घाईत ती मला धुवायला विसरते. शाई वाळते, माझी जाळी बुजते, आणि मग कित्येक दिवस मी मुकी होते. म्हणून मित्रांनो, काम झाले की आपली साधने धुऊन-पुसून ठेवा. आणि एवढे ऐका, दवाखान्याबाहेर कुणी झोपलेले दिसले तर आवाज न करता पुढे जा. त्यांना फार दिवसांनी डोळा लागलेला असतो.