मान आडवी का उभी

आमचे मामंजी, भिमाजी, सरळ बोलत न्हाईत. काय बी विचारा, म्हण टाकत्यात. निम्मं चिंचवड त्येंच्याकडं भांडणं घेऊन येतं. ते एक म्हण टाकत्यात, की दोघं बी मान हलवून घरी जात्यात. मला मातर कधी कळलं न्हाई, ती हलवायची कशी, आडवी का उभी.

पिंपरीला औषधाचा नवा कारखाना झालाय. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बायका घेत्यात. माझी सातवी झालीया, वाचता येतं. नाव द्यायला उद्याचाच दिवस उरला व्हता. घरी आमच्या मालकांना विचारलं तर म्हणाले, "आबांना विचार." म्हणून मामंजी जेवायला बसले तवा विचारलं, "कारखान्यात जाऊ का, मामंजी?"

त्येंनी एक म्हण टाकली, उंबऱ्याची. जरा थांबून दुसरी टाकली, चुलीची. पाणी प्याले आन उठले.

आता गं बया! हे व्हय का न्हाई?

"न्हाई म्हणाले आबा," मालक म्हणाले.

शेजारची शालनबाई म्हणाली, "अगं, व्हय म्हणाले की! जमिनीच्या वक्ताला माझ्या दिराला हीच उंबऱ्याची म्हण टाकली व्हती. त्यानं घेतली जमीन."

"आन चुलत्याला तीच टाकली, तर त्यानं सोयरीक मोडली," मालक म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. तशीच ओट्यावर गेले. "मामंजी, आज म्हण नगं. व्हय म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा." सासऱ्याशी असं बोलायला नगं व्हतं, पर बोलून गेले.

मामंजी हळूच म्हणाले, "सोजरा, घरची सून कारखान्यात निघाली तर काय म्हणायचं, हे कुणी सांगूनच ठेवलं न्हाई गं मला. दोन म्हणी लावून बघितल्या. एक बी बसंना."

माझा राग कुठल्या कुठं गेला. इतकी वर्सं मला वाटायचं, न कळणारी मी एकलीच हाय.

सकाळी डोक्यावर पदर घेऊन नाव द्यायला निघाले. मामंजी उंबऱ्यात उभे व्हते. वाटलं, आता एखादी टाकत्याल. न्हाई टाकली.

"सांजच्याला माघारी येशील न्हवं?" त्येंनी विचारलं.

मी मान हलवली. उभी.