सात नंबरची पेटी

पहिली पेटी परत आली तेव्हा मी दोष टपालवाल्याला दिला. म्हटलं, यानंच आपटली असणार. दुसरी आली तेव्हा गिऱ्हाइकाच्या ॲम्पला दिला. तिसरीसोबत चिठ्ठी होती: 'आवाज टोचतो. आधीच्या पेटीसारखा नाही.' तेव्हा मी हवेला दोष दिला, कारण या पेटीत जे शेंगदाण्याएवढे जुने ट्रान्झिस्टर असतात ते ऊन-थंडीनं खरंच बदलतात. नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्यांना ऐकवायला मला फार आवडतं. स्वतःला ऐकवायची वेळ यायला सहावी पेटी परत यावी लागली.

मी गिटारवाल्यांसाठी पेडल बनवतो. पायानं दाबायची पत्र्याची पेटी. एका बाजूनं गिटारची वायर आत, दुसऱ्या बाजूनं ॲम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे, बाहेर, आणि मध्ये सरळ आवाज वाकडा करायचा. सदतीस वर्षं हेच करतोय. माझ्या पेट्या तीन, वाकडेपणाच्या तीन तऱ्हांच्या, आणि तिघींनाही नात्यातली नावं आहेत, कारण बिघडलेल्या आवाजांचं माझं शिक्षण घरातच झालं. ओव्हरड्राइव्हचं नाव 'मावशी': आवाज चढवते, पण मायेनं. डिस्टॉर्शनचं नाव 'सासूबाई': एकदा सुरू झाल्या की मध्ये श्वास नाही. आणि फझचं नाव 'आत्या'. माझी सख्खी आत्या तिचा मुलगा गेला तेव्हा तीन दिवस रडली. घसा फाटला होता, आवाजाचे धागे सुटले होते, तरी आतला सूर हलला नव्हता. तो आवाज मला पेटीत हवा होता, आणि तरुणपणी एकदा तो मला मिळाला.

तेव्हा आत्या मी फक्त दहा बनवल्या. मग तसले ट्रान्झिस्टर मिळेनात, म्हणून थांबलो. पण त्या दहांनी माझं नाव केलं. गिटारवाले एकमेकांना आपल्या आवडत्या पेडलांच्या याद्या दाखवत बसतात, दुसरा उद्योग नसतो त्यांना. त्या याद्यांत मावशी कधी असायची, कधी नसायची, सासूबाई तर कुणालाच फारशा आवडत नाहीत, पण आत्या पहिल्या तिनांत असायचीच, पाहिलेली असो वा नसो. सहा वर्षांपूर्वी एक जुनं रेडिओचं दुकान बंद झालं आणि तिथं मला तसल्याच ट्रान्झिस्टरांचा डबा सापडला. मी आत्या पुन्हा सुरू केली. लोक म्हणाले, काका, तोच आवाज! मी म्हणायचो, कान तेच आहेत, आवाज कुठं जाईल?

आत्याच्या पोटात दोन ट्रान्झिस्टर आणि एक बारीक पेच असतो. ट्रान्झिस्टर कधी एकासारखा दुसरा नसतो, म्हणून प्रत्येक पेटीचा पेच वेगळा लावावा लागतो. अलीकडे राहिला तर आवाज गुदमरतो, पलीकडे गेला तर टोचतो. मीटर गल्ली दाखवतो, घर कानानंच शोधावं लागतं. ते सापडलं की पेचावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा, म्हणजे तो हलत नाही. पहिली बाटली माझ्या बायकोची होती. ती जाऊन नऊ वर्षं झाली, अजूनही मी तोच गडद रंग आणतो.

या पेचाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियम होता. बाकी सगळं माझी लेक करायची: पत्र्याला भोकं पाडणं, रंग, कथलानं डाग देणं, खोक्यात भरून टपालात टाकणं. तिचे डाग माझ्यापेक्षा सुबक असत. तोंडावर तसं कधी म्हटलं नाही, पोरं शेफारतात. पोर छत्तीस वर्षांची होती.

चौदा महिन्यांपूर्वी एका दुपारी मी पत्रा आणायला गेलो होतो. दुकान बंद निघालं, म्हणून लवकर परतलो. लेक माझ्या बाकावर बसली होती. पुढ्यात कालच मी लावून ठेवलेली आत्या पालथी उघडलेली, आणि पेचकस थेट माझ्या पेचात. शेजारी नेलपॉलिशची बाटली, तिची. मला बघून तिनं मांडीवरचं काहीतरी घाईनं आपल्या खणात सारलं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही, बाबा. साफ करत होते."

"ठिपका खरवडून साफ करतात?"

ती खाली बघत राहिली. बोलली असती तर, असं मी नंतर पुष्कळदा म्हटलं. पण तिनं बोलावं कसं, याची सोय मी तीस वर्षांत कधी केली नव्हती.

मी तोंड सोडलं. कानामागून आली आणि तिखट झाली, इथपासून सुरुवात केली. "तुझ्या आईलाही यातलं काही कळायचं नाही, पण तिला निदान ते ठाऊक होतं. तुला कान आहेत का कान? ज्याला ऐकू येत नाही त्यानं पेच फिरवू नये!"

तिनं पेचकस पुसला, खिळ्याला अडकवला. "मी जाते, बाबा," म्हणाली.

"जा."

"जेवण झाकून ठेवलंय."

ती गेली, तरी माझा राग गेला नाही. मी तिचा खण ओढला. आत एक जुनी, बिनरंगाची आत्या होती. पत्र्यावर खिळ्यानं सात हा आकडा कोरलेला, माझ्याच हातचा. पहिल्या दहांतली. बटण बिघडलं म्हणून कुणीतरी आणून दिली होती आणि न्यायला आलाच नाही, ती ही. भंगारात गेली असं मी धरून चाललो होतो. मला वाटलं, पोरगी माझ्या जुन्या पेट्या फोडून स्वतःची आत्या काढायच्या बेतात आहे. मग मीच ती फोडली. ट्रान्झिस्टर मीटरवर लावले तर असे निघाले की डब्यातल्या शंभरांत एक मिळू नये. आमच्या धंद्यात जुन्या पेटीतला चांगला माल काढून नव्यात घालणं ही रीतच आहे. एक एका पेटीत गेला, एक दुसरीत. त्या दोन्ही त्याच आठवड्यात टपालात पडल्या, पत्रा भंगारात. जेवण मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी टाकून दिलं.

त्यानंतरची प्रत्येक आत्या मी एकट्यानं लावली, आणि त्या परत येऊ लागल्या. आधीच्या काही वर्षांत विकलेल्या जुन्या आत्या बटण बदलायला वगैरे येत, त्यांचा आवाज मला दबलेला वाटे. म्हणून न मागता, मेहेरबानी म्हणून, त्यांचेही पेच मी नव्यानं लावून देत होतो. अशा अकरा झाल्या. हात दाखवून अवलक्षण.

सहाव्या पेटीसोबत दाढीवाला स्वतः आला. तो माझं जुनं गिऱ्हाईक. चार वर्षांपूर्वी घेतलेली आत्या त्यानं एका हातात आणली होती आणि नवी दुसऱ्या.

"काका, जरा भिंतीकडे तोंड करून बसता?" तो म्हणाला. "मी दोन्ही वाजवतो. जुनी कुठली ते सांगा."

मी हसलो आणि बसलो. त्यानं वाजवलं, पुन्हा वाजवलं, तिसऱ्यांदा वाजवलं.

"काही फरकच नाही," मी म्हटलं. "दोन्ही माझ्याच. उगाच शंका काढता तुम्ही लोक."

आणि मी वळलो. आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाचा असतो तसा त्याचा चेहरा होता. "काका," तो म्हणाला, "नवी वाजली तेव्हा दर वेळी तार छेडून मी कानांवर हात ठेवत होतो." आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तो माझ्याशी ओरडून बोलतोय. कधीपासून ओरडतोय कोण जाणे. सगळेच ओरडत होते.

तरी मी हटलो नाही. आण इकडे, म्हणून त्याची जुनी पेटी उघडली, ठिपका चाकूनं उडवला, आणि सवयीनं पेच फिरवलासुद्धा, मला बरा वाटेपर्यंत. मग बाकावर पडलेली नेलपॉलिशची खपली दिसली. खालून गडद लाल होती, माझी. वरून किंचित नारिंगी.

मी बाकाची फट पेचकसानं कोरली. चौदा महिन्यांच्या खपल्या तिथं साठल्या होत्या. एकेक उलटून पाहिली. जुन्या आत्यांच्या ठिपक्यांना दोन थर होते: खाली खरवडून उरलेला माझा, वर तिचा. ती जाईपर्यंत, जवळजवळ पाच वर्षं, मी लावलेला प्रत्येक पेच माझ्या माघारी तिनं पुन्हा लावला होता, आणि तोच आवाज, काका, म्हणून शाबासकी मी घेतली होती. दाढीवाला केव्हा निघून गेला ते मला कळलं नाही.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा, म्हणाल्या. बराच वेळ झाला तरी काही सुरू होईना, तेव्हा मी काचेवर टकटक केली. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं: परीक्षा संपली. वरचे सूर गेलेत, सात-आठ वर्षं तरी झाली असतील, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं? आलं होतं, मी म्हटलं.

लेक वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कामाला लागली होती. मी गेलो तेव्हा ती पितळेचं वजन एका काट्यावर ठेवून काटा सरळ करत होती.

"बाबा? जेवलात का?" तिनं मोठ्यानं विचारलं. सवय होती तिला.

"माझ्या कानांचं तुला माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं हलता काटा बोटानं थांबवला. "सांगितलं असतं तर तुम्ही पेच सोडला असता. मग दिवसभर काय केलं असतं तुम्ही?"

मला लाज वाटली. भर दुकानात, तिच्या मालकासमोर, सहासष्टाव्या वर्षी माझे डोळे भरले. "चुकलो मी," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडी कधी बसलं नव्हतं, बहुतेक पुटपुटलोच असेन. "परत ये. पेच आता तुझा."

तिनं वजन उचलून डबीत ठेवलं. "रविवारी येते," म्हणाली.

रविवारी सकाळी मी बाक पुसला. तिचा पेचकस खिळ्याला होता तिथंच होता. परत आलेल्या सहा पेट्या ओळीनं मांडल्या, नेलपॉलिशच्या दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या, चहा केला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. ती आली, चपला काढल्या, स्टूल ओढून बसली. पहिल्या पेटीचे स्क्रू सोडवले, मग न बघताच हात खाली नेऊन आपला खण ओढला. रिकाम्या खणात तिची बोटं इकडून तिकडे फिरली.

"बाबा, सात नंबरची कुठंय?"

"तिचं काय काम आहे?"

"तिच्याशिवाय कसं लावू?" ती हसली. "मला कुठं त्यातलं कळतं? तुम्ही म्हणालात ते खरंच होतं, मला कान नाहीत. आधी ती वाजवायची, मग नवी वाजवायची, पुन्हा ती. दोन्ही सारख्या वाटल्या की थांबायचं. काट्याला पक्कं वजन लागतं ना, तसं. ती तुम्ही तरुणपणी लावलेली, बाबा. त्यात तुमचे कान होते. मी नुसती जुळवत होते."

मी बसून घेतलं. तिला उत्तर हवं होतं आणि ते माझ्याकडे होतं. मी सांगितलं. फोडली. ट्रान्झिस्टर दोन पेट्यांत घातले, कुठल्या ते आठवत नाही. पेच भंगारात गेला.

तिनं रिकामा खण आत ढकलला. मग म्हणाली, "दाढीवाल्याची जुनी?"

"फिरवली."

"दुरुस्तीला आल्या होत्या त्या?"

"सगळ्या."

"बाहेर कुणाकडे असतील अजून न फिरवलेल्या," ती म्हणाली. "पण त्या मी लावलेल्या. जवळपासच्या. पहिल्या दहांतल्या बाकीच्या कुठं आहेत ते कुणालाच ठाऊक नाही, तुमची म्हणून हाताशी ती एकच होती."

चहा निवला होता, त्यावर साय आली होती. तिनं कप बाजूला सारला, पेचकस काढला, पहिल्या पेटीचा ठिपका खरवडला. गिटारची वायर लावली आणि डाव्या हातानं एक मोकळी तार छेडली. उजव्या हातानं पेच केसभर फिरवला.

"आता?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"मला कळत नाही. तुला?"

"मलाही नाही, बाबा."

तिनं पुन्हा तार छेडली, पेच आणखी थोडा फिरवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो.