पूर्ववत पडीक

कोकिळा वसावेच्या दीड एकरात कमरेएवढं गवत उभं होतं, आणि नेमकं तेच नडलं.

चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने अक्कलकुव्याच्या रस्त्यासाठी ती जमीन भाड्याने घेऊन तिच्यातला मुरूम उपसला. करारात लिहिलं होतं, काम संपल्यावर जमीन पूर्ववत करून परत द्यावी. मुदतीत तसा सरकारी शेरा पडला नाही, तर करार आपोआप आणखी तीन वर्षं चालेल. खड्डा ज्यांनी खणला त्या हबीबभाईंनीच पोकलेनने तळ फोडून त्यावर बाजूला रचून ठेवलेली काळी माती पसरली. बाकीचं कोकिळेने केलं. बांधाबांधावरून पवना आणि मारवेल गवताचं बी गोळा केलं, शेणात कालवलं आणि पेरलं. दोन पावसाळे गेले. जमीन हाती आली की दोन म्हशी, आणि म्हशी आल्या की गुजरातेत ऊसतोडीला जाणं बंद, एवढाच तिचा बेत होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ऐन श्रावणात, तपासणीला उमाकांत साहेब आले.

"साहेब, गाडी वरच ठेवा," कोकिळा म्हणाली. "माती अजून बसली नाही."

"फोटो मधोमध उभं राहून काढायचाय."

"मग पायी चला ना."

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि जीप खड्ड्यात उतरवली. मध्यावर थांबून त्यांनी फाईल उघडली.

"हे काय आहे?"

"गवत."

"ते दिसतंय मला. पण सातबाऱ्यावर इथे पडीक आहे. करार म्हणतो पूर्ववत. पूर्वी पडीक, तर आता पडीक पाहिजे."

"पूर्वी पण गवतच होतं, साहेब."

"मग पडीक कोणी लिहिलं?"

"तुमच्यासारखेच एक साहेब आले होते. उन्हाळ्यात."

सोबत आलेले हबीबभाई खोकले. त्यांना हसू आलं की ते खोकत. "सायेब, तुम्ही म्हणाल तर मी खड्डा परत करून देतो. फक्त लिहून द्या की सरकारला खड्डाच पाहिजे."

उमाकांत साहेब वाईट नव्हते. त्यांना एवढंच माहीत होतं की कागद आणि जमीन यांचं जुळलं नाही, तर बदली जमिनीची होत नाही. त्यांनी तोडगा काढला. "तुकडाभर कापून टाका. मी तेवढ्याचाच फोटो काढतो. पाचच्या आत कागद अक्कलकुव्याला पोचला पाहिजे."

कोकिळा विळा आणायला हललीसुद्धा नाही. नव्या हिरव्याची गावपूजा होईपर्यंत तिच्या गावात कोणी गवताला विळा लावत नाही, रानभाजीही खात नाही. पूजा रविवारी होती. आज गुरुवार.

काठावर गावपुजारी दिवाल्या छत्री घेऊन उभा होता. तिने त्याला हाक दिली. "दिवाल्याबाबा, पूजा आज होईल का?"

"पूजेचा दिवस गाव बसून ठरवतं."

"देवाला विचारून बघा ना," साहेब म्हणाले.

"देव ऐकेल हो. गावाचं काय करू?"

साहेब चिडले. "पूर्ववत नाही" असाच शेरा मारतो म्हणाले, जीपमध्ये बसले, गिअर टाकला. जीप पुढे न जाता खाली गेली. आणखी जोर लावला, आणखी खाली गेली. घाबरल्यावर साहेब थेट आपल्या ब्राह्मणपुरी गावच्या बोलीवर आले.

"गाडी फसनी ना भो! आते?" मग सावरून म्हणाले, "चाकाखाली दगड टाका. मुरूम टाका!"

"मुरूम?" हबीबभाई म्हणाले. "तो तर रस्त्याला गेला, सायेब."

"तुमचं पोकलेन?"

"गुजरातेत. दुसरा खड्डा."

"मग गवत तरी टाका!"

"कुठलं गवत, सायेब? इथं तर पडीक आहे."

साहेबांनी पुन्हा जोर लावला. चाकं जागच्या जागी फिरली आणि दर झटक्याला दोन वर्षांची मुळं उडून कोकिळेच्या लुगड्यावर पडू लागली. शेरा काय पडेल ते पडो. अशी आणखी दहा मिनिटं गेली असती तर पूर्ववतला काही उरलंच नसतं.

"थांबा!" ती ओरडली आणि घराकडे पळाली.

चुलीवर तिने दोन वर्षांपूर्वी गवताचं छप्पर घातलं होतं. जुनं, वाळकं, पूजेच्या नियमातून सुटलेलं. तिने ते ओढून खाली काढलं. हबीबभाईंनी आणि तिने तीन खेपा पेंढ्या आणल्या, चाकांखाली कोंबल्या, मागून रेटा दिला. जीप चिखलाचा फवारा उडवत काठावर चढली.

मागे खाटेएवढी जागा उरली होती. उघडी, उकरलेली, खालून तांबडा मुरूम वर आलेला.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग फाईलकडे पाहिलं. मग बूट काढून हातात घेतले, गवतातून पायी खाली गेले आणि अगदी वाकून, जवळून, फक्त त्या जागेचा फोटो काढला.

"हे पडीक," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता.

बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी शेरा लिहिला, 'जमीन पूर्ववत आढळली', सही केली, प्रत कोकिळेच्या हातात दिली आणि घड्याळ बघत निघून गेले.

"दिवाल्याबाबा, आपला नियम मोडला का?" तिने विचारलं.

"विळा नाही लागला," दिवाल्या विचार करून म्हणाला. "जीपचं काय ते जीप बघेल."

पाऊस सुरू झाला. घरी तो आता सरळ चुलीत पडत असणार. रविवारपर्यंत तिथे छप्पर घालता येणार नव्हतं. गवत समोर डुलत होतं, आणि हात लावायची सोय नव्हती. कोकिळेने कागद पिशवीत गुंडाळला आणि उखडलेले ठोंब उचलून एकेक पुन्हा मातीत दाबायला बसली.

"बेन, सगळं नको बुजवू," हबीबभाई काठावरून म्हणाले. "परत तपासणी आली तर?"

तिने हातातला ठोंब बाजूला ठेवला. मग मधोमध ताटाएवढी जागा तिने साहेबांसाठी उघडी सोडली.