बाभळीची काठवट

परात पुन्हा गर्रकन फिरली आणि चुलीवर आपटली. ज्वारीचं पीठ सुंदरबाईच्या लुगड्यावर, जमिनीवर सांडलं. सुनेनं, अंजूनं, परातीखाली ओला फडका अंथरून दिला होता. पण एका हाताच्या रेट्यापुढं ती पातळ परात थांबत नव्हती. लकव्यात सुंदरबाईचा उजवा हात गेला होता. तो मांडीवर नुसता पडून होता. राहू द्या आत्या, मी टाकते, असं म्हणत अंजू पुढं झाली. सुंदरबाई भिंतीकडं तोंड करून बसली.

दारातून अंगदनं हे पाहिलं. दुपारी तो बायकोच्या बाजेपाशी येऊन टेकला.

"कावून एवढा जीव टाकतीस? अंजू करतीय की."

"बसून खायचं जिवावर येतंय," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आन केली तरी डाव्या हातची भाकर कोन खाईल?"

अंगद उठून अंगणात गेला.

अंगद सिरसाळ्याचा सुतार. सारा जन्म त्यानं बैलगाडीची चाकं घडवली. दारं-खिडक्यांना साग गुणाचा, रंध्याखाली लोण्यासारखा येतो. पण ओझं घेऊन दगडधोंड्यातून चालायचं तर बाभूळच पाहिजे, असं तो सांगायचा. तिचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून ती मार खाते पण चिरत नाही. टायरच्या गाड्या आल्या आणि ते काम सुटलं. बाभळीचा एकच जाडजूड ओंडका घरी उरला होता. तळ्याच्या गाळात मुरवलेला, सावलीत वाळवलेला, न किडलेला, न तडकलेला. गावातल्या रामेश्वरनं नवं मंगल कार्यालय बांधलं होतं. त्याला कमानीवर लावायला खरंखुरं चाक हवं होतं आणि अंगदनं शब्द दिला होता. आपल्या हातचं शेवटचं चाक येणारे-जाणारे बघतील, या विचारानं तो मनातून सुखावलाही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रामेश्वरकडं गेला आणि चाक होणार नाही म्हणाला. रामेश्वरला वाटलं, म्हातारा थकला. त्यानं कारण विचारलं.

"घरात भाकरी थापायला लाकडाची काठवट पायजे," अंगद म्हणाला.

"काठवटीसाठी एवढा ओंडका मोडता का मिस्त्री? बाजारात मिळती की."

"ती हलकी असती. सरकती."

रामेश्वरनं त्याला चहा पिऊन जा म्हटलं.

घरी येऊन अंगदनं ओंडक्याला करवत लावली. पहिला भुसा पडला तेव्हा त्याचा हात जरा थांबला, मग चालू लागला. आतलं लाकूड तांबूस निघालं. वाकसानं तासत त्यानं ते पोखरलं, बूड मुद्दाम जाड ठेवलं, फुटक्या काचेनं घासून आतली बाजू गुळगुळीत केली आणि करडीचं तेल पाजलं. बाजेवरून सुंदरबाई बघत होती. कुणाचं तरी काम असेल, असं तिला वाटलं.

काठवट चुलीपुढं ठेवून त्यानं तिला आधार देऊन बसवलं. तिनं डाव्या हातानं काठवट ढकलून पाहिली. मग अंगातला सगळा जोर लावून ढकलली, तरी ती जागची हलली नाही.

"लई जड हाय," ती म्हणाली.

"हाय."

पहिली भाकरी थापता थापता फाटली. दुसरीही मोडली. अंजू उठायला लागली तशी अंगदनं तिच्याकडं बघून नको अशी मान हलवली, ती बसली. तिसरी भाकरी एका कडेला जाड, एका कडेला पातळ, कशीबशी तव्यावर गेली. फुगली नाही. अंगदनं ताटली पुढं केली.

भाकरीवर डाव्या हाताची बोटं उमटली होती. त्यानं तुकडा मोडला, ठेच्याला लावला. सुंदरबाई त्याच्याकडं न बघता चुलीतलं जळण आत सारत राहिली.

"कच्ची हाय का?"

"न्हाई," घास चावत तो म्हणाला. "आनखी एक टाक."

तिनं पिठाचा डबा जवळ ओढला.