तीन मिलिमीटरांचा उतार

अहवाल पुढ्यात होता, पण नाओ कुरेमात्सुनं शिक्का पेटीतून बाहेर काढलाच नव्हता. हाताखालच्या माणसानं शिक्का साहेबांच्या चौकोनाकडे जरासा कलता मारायचा, म्हणजे कागदावरही वाकणं झालं, अशी जपानातल्या त्सुकुबाच्या त्या कारखान्याची रीत.

"तापमान अर्ध्या अंशाच्या आत राहिलंय," विभागप्रमुख तोगावा म्हणाले. "आणखी काय हवंय तुला?"

"नळी आडवी हवीय, साहेब."

"आडवीच होती. इसोबे-सानांनी स्वतः पातळी लावली."

"निर्वात टाकीचं दार उघडं असताना लावली," जुने कारागीर इसोबे-सान पुटपुटले. "हवा काढल्यावर तळ बसतो, हे ध्यानातच आलं नाही. चूक माझी."

नाओनं चाचणी चालू असताना काचेतून दुर्बीण लावून पाहिलं होतं. नळीचं गरम टोक तीन मिलिमीटर खाली गेलं होतं.

नळी हातभर लांबीची, आत अमोनिया. उपग्रहाच्या कॅमेऱ्याच्या उष्णतेनं तो एका टोकाला उकळायचा, वाफ थंड टोकाला जाऊन पुन्हा द्रव व्हायची, आणि तो द्रव आतल्या बारीक खाचांतून परत सरपटत यायचा. थंड टोकाच्या शेवटी धातूचा एक छोटा फुगा, त्यात थोडा नायट्रोजन. फुगा तापवला की वायू पसरून थंड टोक झाकायचा, निववला की मागे हटायचा. तापमान राखायचं ते असं. त्या खाचांवर नाओची दोन वर्षं गेली होती.

"उतारावर अमोनिया आपसूक घरंगळतो. खाचांनी काय केलं मग?" ती म्हणाली. "पोराला दोन्ही हातांनी धरून चालवायचं आणि पाऊल टाकलं म्हणून आनंदाचा लाल भात वाटायचा, त्यातली गत. वर अवकाशात त्याला धरणार कोण?"

"शुक्रवारी उपग्रहवाले पाहुणे नळी न्यायला येतायत. आणि नळी तुझीच आहे ना? पुन्हा चाचणी केलीस आणि पडली तर?"

"तर इथं पडेल."

तोगावा अहवाल घेऊन गेले. त्यांनी परवानगी दिली नाही, तिनंही मागितली नाही. इसोबे-सानांनी गरम टोकाखाली पाच मिलिमीटरांची पट्टी सारली. तळ बसला तरी ते टोक दोन मिलिमीटर वरच राहणार होतं, म्हणजे अमोनियाला खाचांच्याच जोरावर चढावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीस वॉट उष्णतेपर्यंत नळी शहाण्यासारखी वागली. चाळीसला गरम टोक चढू लागलं. नाओनं फुगा पार निववला, थंड टोक पूर्ण उघडं केलं. आकडा चढतच राहिला, तापानं फणफणलेल्या लेकराचा चढावा तसा. खाचा कोरड्या पडल्या होत्या. साठ वॉट पेलायला हवे होते.

"झालं समाधान?" मागून तोगावा म्हणाले. "पहिला अहवाल माझ्याकडे आहे. त्यातले आकडे चांगलेत. तुला नसेल मारायचा शिक्का, तर दुसरं कुणी मारेल."

नाओ वळली नाही. "इसोबे-सान, अमोनिया सोडून द्याल?"

"सोडतो," म्हातारा म्हणाला. साहेबांकडे त्यानं पाहिलंही नाही.

तासाभरानं रिकामी नळी शिकंज्यात होती. नाओनं तिच्या अंगावरून एकदा तळवा फिरवला. मग करवत घेतली आणि बरोबर मधोमध कापली. कापलेल्या कडेवरच्या खाचा केसाएवढ्या, एकसारख्या, सुंदर दिसत होत्या. आणि उथळ.

"कुरेमात्सु, हे काय केलंस तू?"

"आता कुणाचाही शिक्का मारा, साहेब," तिनं दोन तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. "शुक्रवारी पाहुण्यांना हेच दाखवणार आहे. आणि नव्या खाचा किती खोल हव्यात, तेही सांगणार आहे."