अमावस्येला राखलेली खाडी

मी चिखलात रोवलेला एक जुना बांबू आहे. डोक्याला लाल चिंधी, अंगाला कालवं चिकटलेली. मित्रांनो, माझ्याविषयी चांगलं बोलणारं माणूस या गावात तुम्हांला शोधावं लागेल.

जासई गावापलीकडे खाडीचा एक अरुंद फाटा आहे. त्याच्या तोंडाशी मी उभा असतो. आत तिवरांच्या मुळांत चिंबोऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांची पिल्लं वाढतात. गावातल्या भामाचं घर चिंबोऱ्या विकूनच चालतं. पूर्वी एका ओहोटीत तिची टोपली भरायची. पुढे तळही झाकेना. तेव्हा तिने गावाला विनवलं, निदान हा फाटा तरी बंद ठेवा.

तिचा दीर जगन मोठा चतुर. म्हणाला, "ठेवू की! दर पुनवेला कोनी आत जायचा नाय." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला रोवलं.

मित्रांनो, पौर्णिमेला चिंबोरी पोकळ असते, असं इथे सगळे मानतात. तेव्हा तिला तशीही कोणी धरत नाही! अमावस्येला ती मांसाने भरते, आणि त्या दिवशी सारा गाव मला ओलांडून आत घुसायचा. वर्षभर मी खोटा पहारा दिला. चिंबोऱ्या आणखी घटल्या.

मग एका अमावस्येला सकाळीच भामा माझ्याशेजारी गुडघाभर चिखलात येऊन उभी राहिली.

"आजपासून अवसेलापन बंद."

"वयनी, बाजूला हो. खाडी तुझ्या बापाची हाय काय?"

"तुमच्या पोरांची हाय, भाऊजी. म्हनून तर सोडत नाय."

जगनने मला उपटून फेकलं. तिने पुन्हा रोवलं. त्याने पुन्हा उपटलं. तिसऱ्यांदा तिने मला रोवलं तोवर भरती चढली, आणि जगनला रिकामं परतावं लागलं. पुढच्या अमावस्येला तिच्याबरोबर शेजारची गंगाबाईही उभी राहिली. भामा आणि जगनची घरातली बोलचाल मात्र तुटली.

अशा राखणीत दोन वर्षं गेली. परवा जगनने माझ्यापासून दहा हात बाहेर भलीमोठी चिंबोरी धरली आणि भामाकडे बघून ओरडला, "ही भायेरची हाय, तुझ्या बांबूची नाय!"

"मग इतकी वर्सं आशी चिंबोरी कुटं गेलती?" भामा म्हणाली.

तो माझ्यावर थुंकला आणि टोपली सांभाळत निघून गेला.

थुंकू दे. मित्रांनो, एखादी जागा मुक्या जिवांसाठी राखायची असेल, तर आपल्याला काही नको असतं त्या दिवशी राखू नका. हात सगळ्यात जास्त शिवशिवतात, त्या दिवशी राखा.